उजनीचा मुरमाड काठ फाल्गुन ते ज्येष्ठ पक्ष्यांसाठी राखावा: एक खुले पत्र

प्रति,
सोलापूर जिल्ह्यातील जलसंपदा, वन आणि महसूल विभागांचे अधिकारी,
तसेच उजनी जलाशयाच्या काठावरील ग्रामपंचायती, शेतकरी, मेंढपाळ, मच्छीमार आणि पर्यटन व्यावसायिक यांस

सप्रेम नमस्कार.

मी सोलापूर शहरात राहतो आणि गेली अनेक वर्षे सुट्टीच्या दिवशी पहाटे निघून उजनीच्या पाणपसाऱ्यावर पक्षी पाहायला जातो. हिवाळ्यात रोहित पक्षी (फ्लेमिंगो) आले की काठावर गाड्यांची रीघ लागते, वर्तमानपत्रांत छायाचित्रे येतात, होड्यांना गिऱ्हाईक मिळते, आणि हे सर्व मला आनंदाचे वाटते. परंतु रोहित निघून जातात, ऊन चढू लागते, माणसांची वर्दळ ओसरते, आणि नेमक्या त्याच वेळी ज्या पक्ष्यांची वीण आपल्याच मातीत होते ते काठावर अंडी घालायला बसतात. त्यांच्याकडे कोणाचे लक्ष नसते. हे पत्र त्यांच्यासाठी आहे.

नदी सुरय, छोटा आर्ली, कंठेरी चिखल्या, शेकाट्या, टिटवी आणि मोठा करवानक हे ते पक्षी. यांपैकी एकही झाडावर घरटे बांधत नाही. बहुतेक जण काडीही गोळा करीत नाहीत. छाती जमिनीला टेकवून अंग फिरवले, पायाने दोनचार खडे मागे सारले, की तळहाताएवढी खळगी तयार होते आणि तिच्यातच अंडी घातली जातात. टिटवीची व चिखल्याची चार अंडी निमुळती टोके आत करून मांडलेली असतात, म्हणजे ती कमी जागेत बसतात आणि पोटाखाली चारही सामावतात. अंड्यांचा रंग आजूबाजूच्या मुरमासारखाच असतो. पाच पावलांवर उभे राहूनही ती दिसत नाहीत; एकदा दिसली आणि नजर हलली, तर पुन्हा सापडत नाहीत. या पक्ष्यांचे सारे संरक्षण या न दिसण्यावर उभे आहे, आणि त्यांचा सारा धोकाही त्यातच आहे.

ते कुठलीही जमीन निवडत नाहीत, हे मला आपल्यासमोर नीट मांडायचे आहे, कारण पुढची सगळी मागणी त्यावर अवलंबून आहे. नदी सुरय आणि छोटा आर्ली यांना चहूबाजूंनी पाणी असलेले, झाडझुडूप नसलेले वाळूचे किंवा मुरमाचे उंचवटे लागतात आणि ते तिथे वसाहत करून राहतात. कंठेरी चिखल्याला पाण्यापासून फार लांब नसलेली, बारीक खडीची, जवळपास उघडी जमीन आवडते. शेकाट्या चिखलातल्या एखाद्या उंचवट्यावर खडे, गवत रचून ओलाव्याच्या थोडे वर बसतो. टिटवी त्या मानाने भागवून घेणारी आहे आणि शेताच्या बांधावर, प्रसंगी घराच्या गच्चीवरच्या खडीतही ती अंडी घालते. तिची पिवळ्या गलोलीची बहीण, पीतमुखी टिटवी, पाण्यापासून दूर कोरड्या माळावर जाते. तपशील वेगळे असले तरी तीन गोष्टी जवळपास सगळ्यांना हव्या असतात. बसल्या जागेवरून दूरवर दिसले पाहिजे, म्हणजे कोल्हा किंवा कुत्रा लांबून कळेल. जमिनीचा रंग व पोत अंड्यांशी जुळला पाहिजे. आणि पिल्लांना अंड्यातून बाहेर पडल्यावर चालत जाता येईल अशा अंतरावर ओल असली पाहिजे, कारण चिखल्या व टिटवीची पिल्ले काही तासांतच पायांवर उभी राहतात आणि स्वतःचे किडे स्वतः टिपतात. त्यांना कोणी घास भरवत नाही.

टिटवीने उंचावर अंडी घातली की त्या वर्षी पाऊस भरपूर, असे आपल्याकडे जुनी माणसे सांगतात. पावसाचा अंदाज त्यावरून खरा ठरतो असे मला म्हणायचे नाही, परंतु या समजुतीमागे एक बारकाईने पाहिलेली गोष्ट आहे: पक्षी जागा निवडताना पाण्याचा विचार करतो, हे आपल्या आजोबापणजोबांना ठाऊक होते. तीच टिटवी रात्री ओरडली की अशुभ मानून तिच्यावर दगड भिरकावणारेही आपणच. ती ओरडते तेव्हा बहुधा तिच्या अंड्यांच्या किंवा पिल्लांच्या जवळ काहीतरी आलेले असते, एवढाच त्या ओरडण्याचा अर्थ आहे.

समुद्रकिनाऱ्यावर घरटी करणाऱ्या पक्ष्यांचा अभ्यास जगभर पुष्कळ झाला आहे आणि त्यातून आपल्याला शिकण्यासारखे आहे. केंटिश चिखल्या पुळणीवर भरतीच्या रेषेच्या वर, शिंपल्यांचे तुकडे विखुरलेल्या वाळूत किंवा मिठागरांच्या बांधांवर अंडी घालतो. त्याचाच जवळचा नातलग असलेला, श्रीलंका व दक्षिण भारतात आढळणारा चिखल्या २०२३ साली स्वतंत्र जात म्हणून पुढे आला आणि त्याला हनुमानाचे नाव मिळाले. अशा पक्ष्यांना भरती कुठवर येते हे कळते, कारण समुद्राची भरती दिवसातून दोनदा येते आणि अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाची खूण वाळूवर राहते. कचऱ्याची, शेवाळाची ती रेघ पाहून पक्षी तिच्या वर बसतो.

उजनीची भरती वर्षातून एकदाच येते. भीमेवरचे हे धरण १९८० साली पूर्ण झाले, त्याची एकूण साठवण सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) असून त्यातला निम्म्याहून अधिक, सुमारे ६३ टीएमसी, मृतसाठा, म्हणजे नेहमीच्या वापराच्या पातळीखालचे पाणी आहे. पावसाळ्यात पुणे जिल्ह्यातून पाणी येते आणि जलाशय भरतो. त्यानंतर कालव्यांची आवर्तने (पाणी सोडण्याच्या पाळ्या), नदीतून सोलापूरच्या पिण्यासाठी सोडले जाणारे पाणी, उपसा आणि बाष्पीभवन यांनी तो उतरत जातो. २०२४ च्या उन्हाळ्यात तर साठा उणे पन्नास टक्क्यांच्याही खाली गेला होता, म्हणजे मृतसाठ्यातलेही बरेच पाणी संपले होते. पक्ष्याला मात्र आवर्तनाचे वेळापत्रक कळत नाही. तो फाल्गुनात पाण्याने वेढलेला उंचवटा पाहतो आणि तिथे बसतो. नदी सुरयाला अंडी उबवायला साधारण तीन आठवडे लागतात, पिल्ले उडू लागेपर्यंत आणखी जवळजवळ महिना जातो. या सात आठवड्यांत पाणी इतके उतरते की बेटाचा काठाशी सांधा जुळतो, आणि ज्या दिवशी तो जुळतो त्या रात्री कुत्री आत जातात. चंबळ नदीतही पाणचिरा या पक्ष्याच्या विणीच्या बेटांवर हेच घडत आले आहे, आणि तिथे स्थानिक माणसांना घरट्यांचे राखणदार म्हणून नेमण्याचा मार्ग काढला गेला आहे.

आता मी मुख्य मुद्द्याकडे येतो. पाणी उतरल्यावर उघड्या पडणाऱ्या जमिनीवर तीन कामे चालतात: गाळपेर (उघड्या पडलेल्या गाळाच्या जमिनीत पीक घेणे), गाळउपसा आणि वाहनांची ये-जा. पहिल्या दोन कामांचा पक्ष्यांशी मुळात झगडा नाही, असे माझे अनेक उन्हाळे पाहून झालेले मत आहे. गाळ साचतो तो सखल भागात. शेतकऱ्याला हवी असते ती काळी, ओल धरणारी जमीन. पक्ष्याला हवा असतो तो उंचावरचा मुरूम, ज्यावर कलिंगड तर सोडाच, ज्वारीचे ताटही उभे राहणार नाही. २०१७ साली सुरू झालेल्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेचा मी मनापासून समर्थक आहे आणि त्या गाळाने सुधारलेल्या जमिनी मी पाहिल्या आहेत. अडचण तिसऱ्या कामाची आहे. गाळात गाडी रुतते, म्हणून ट्रॅक्टर, डंपर आणि जेसीबी यांची वाट पडते ती कडक मुरमावरून. गाड्या उभ्या राहतात त्या मुरमावर, पाणी पिण्याचे पिंप ठेवले जाते ते मुरमावर, पर्यटकांचा तंबूही कोरडी व सपाट जागा पाहून तिथेच पडतो. ज्या जमिनीला कोणीच किंमत देत नाही, तिच्यावरूनच सगळे जातात.

एका एप्रिलमधला प्रसंग सांगतो. करमाळा तालुक्याच्या बाजूला एका मुरमाड उंचवट्यावर कंठेरी चिखल्याची मादी पंख मोडल्यासारखा फरफटत माझ्यासमोरून पळू लागली, तेव्हा मी जागीच थांबलो, कारण हे सोंग ती अंडी किंवा पिल्ले जवळ असतानाच करते. दुर्बिणीतून शोधता शोधता बऱ्याच वेळाने ट्रॅक्टरच्या दोन चाकोऱ्यांच्या मधल्या पट्ट्यात चार अंडी दिसली. चाकोरी ताजी होती आणि तिची कड खळगीपासून वीतभर अंतरावर होती. थोड्या वेळाने ट्रॅक्टर परत आला. मी हात करून थांबवला आणि चालकाला खाली उतरून पाहण्याची विनंती केली. “कुठं? मला तर नुसतं खडंच दिसत्यात,” असे तो दोनदा म्हणाला. मग त्याला दिसली, आणि तो उकिडवा बसून बराच वेळ पाहत राहिला. त्याने स्वतःहून चार मोठे दगड आणून लांबवर चार कोपऱ्यांना ठेवले आणि गाडी वळसा घालून नेली. जाताना म्हणाला, “आमास्नी कुनी दावलं असतं तर आधीच तिकडनं नेली असती की.” त्यानंतरचे दोन आठवडे सगळ्या गाड्या त्या दगडांना वळसा घालून गेल्या. मी पुन्हा गेलो तेव्हा खळगी रिकामी होती आणि खाली ओलीवर कापसाच्या बोंडाएवढी तीन पिल्ले धावत होती. त्या चालकाच्या एका वाक्यात या पत्रातली सगळी मागणी आहे.

उन्हाविषयीही थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण आम्ही पक्षीप्रेमीच इथे सर्वांत मोठी चूक करतो. सोलापूरचा मे महिना आपल्याला माहीत आहे. सावलीत पारा ४३ अंशांवर असतो तेव्हा उघडा मुरूम त्याहून कितीतरी अधिक तापतो. अशा दुपारी पक्षी अंडी उबवत नसतो, तो अंड्यांवर सावली धरून उभा असतो. टिटवी पाण्यात जाऊन पोटाची पिसे भिजवून येते आणि ओल्या पोटाने अंड्यांवर बसते. नर-मादी आळीपाळीने हे करतात. मी लांबून, दुर्बिणीतून, एका जोडीला दुपारभर असे करताना पाहिले आहे. एक परत येताच दुसरी उठे, आणि अंडी मधल्या काळात क्षणभरच उघडी राहत. आता त्या वेळी एखादा छायाचित्रकार वीस पावलांवर येऊन बसला आणि पक्षी अर्धा तास परत येऊ शकला नाही, तर कोणीही अंड्याला हात न लावता आतला जीव उन्हाने मरतो. छायाचित्र उत्तम येते, माणूस समाधानाने घरी जातो, आणि पक्षी पुढे अनेक दिवस मेलेली अंडी उबवत बसतो. माझ्या छायाचित्रकार मित्रांना माझी कळकळीची विनंती आहे की मार्च ते जूनमध्ये जमिनीवरच्या घरट्यांचे छायाचित्र घेऊच नये, आणि घरट्याची जागा तर कोणालाही कळवू नये. याच कारणाने वर मीही गावाचे नाव लिहिलेले नाही.

काही संकटांवर कोणाचाच इलाज नसतो. २०२५ च्या मे महिन्यात अवकाळी पाऊस इतका झाला की उजनी त्याच महिन्यात मृतसाठ्यातून बाहेर आली. आपल्या सर्वांसाठी ती सुवार्ता होती आणि माझ्यासाठीही होती. त्या दिवसांत मी काठावर गेलो तेव्हा आठवड्यापूर्वी जिथे सुरयांची बसकण होती तिथे सलग पाणी होते आणि त्या पाण्यावर, बरोबर त्या जागेवर, दहाबारा सुरय घिरट्या घालत ओरडत होते. हा दोष कोणाचा नव्हता. असे वाईट हंगाम सोसायची या पक्ष्यांची तयारी असते. ते अनेक वर्षे जगतात आणि लवकर गेलेल्या अंड्यांच्या जागी पुन्हा घालतात. परंतु त्यासाठी मधली चांगली वर्षे त्यांच्या हाती लागली पाहिजेत. पाणी जेव्हा साथ देते, तेव्हा चाकाखाली व कुत्र्यांच्या तोंडी वीण जाऊ नये, एवढे आपल्या हातात आहे. नदी सुरय आज धोक्यातील जातींच्या जागतिक लाल यादीत ‘असुरक्षित’ म्हणून नोंदला गेला आहे, आणि धरणांमुळे बदललेले नदीचे पाणी हे त्यामागचे एक कारण मानले जाते. नान्नजचे माळढोक अभयारण्य १९७९ साली घोषित होऊनही आज तिथे माळढोक दिसणे किती दुर्मीळ झाले आहे, हे सोलापूरकरांना सांगण्याची गरज नाही. तोही उघड्या जमिनीवर एकच अंडे घालणारा पक्षी.

धरणांच्या नद्यांवर हे साधता येते, याचे उदाहरण आहे. अमेरिकेत मिसुरी व मिसिसिपी नद्यांच्या वाळूच्या बेटांवर वीण करणारा, आपल्या छोट्या सुरयाचा जवळचा भाऊबंद असलेला एक सुरय १९८५ साली संकटग्रस्त ठरवला गेला, तेव्हा त्यांची संख्या दोन हजारांहून कमी मोजली गेली होती. धरणे व नदी सांभाळणाऱ्या अभियंत्यांनीच त्यानंतर बेटे राखण्याचे, त्यांवरची झुडुपे काढण्याचे आणि उपशाच्या वाळूतून नवी बेटे घडवण्याचे काम हाती घेतले. २०२१ साली तो पक्षी संकटग्रस्तांच्या यादीतून वगळला गेला. संख्या अठरा हजारांच्या आसपास गेली होती. कॅलिफोर्नियातील कोल ऑइल पॉइंट या किनाऱ्यावर तर २००१ साली फक्त दोरी बांधली, माणसे समजावून सांगायला उभी केली, आणि कित्येक वर्षे थांबलेली चिखल्यांची वीण पुन्हा सुरू झाली. दोरी आणि माणूस, दोन्ही आपल्याकडे आहेत.

म्हणून माझी विनंती अशी आहे. दरवर्षी फेब्रुवारीच्या अखेरीस वन विभाग, जलसंपदा विभाग आणि काठावरच्या ग्रामपंचायती यांनी मिळून एकदा काठ फिरून पाहावा आणि ज्या मुरमाड उंचवट्यांवर व बेटांवर पक्षी बसू लागले असतील ते दगड-चुन्याने आखून घ्यावेत. जागा फार नाहीत आणि मोठ्याही नाहीत. एका वसाहतीला एखाद्या खळ्याएवढी जागाही पुरते, फक्त तिच्याभोवती मोकळे अंतर हवे. गाळउपशाला परवानगी देताना वाहनांची वाट कुठून जाईल हे नकाशावर ठरवून द्यावे आणि ती आखलेल्या जागा टाळून जावी. त्याहून पुढचे एक सुचवतो: बेट आणि काठ यांना जोडणाऱ्या सखल पट्टीत गाळ असतोच, तेव्हा उपसा आधी तिथूनच व्हावा. शेतकऱ्याला गाळ मिळेल आणि तयार होणाऱ्या चरामुळे बेट आणखी काही आठवडे बेट राहील. यंत्र तेच, डिझेल तेच, फक्त खोदण्याचा क्रम बदलेल. गाळपेरीसाठी जमीन देतानाही मुरमाचे माथे मोजणीतून वगळले, तर कोणाचे एक पोते धान्य कमी होणार नाही.

मच्छीमार बांधवांना सांगणे एवढेच की मासे साफ केल्यावर उरणारी घाण काठावर टाकल्याने कुत्री, घारी आणि कावळे तिथेच मुक्काम करतात. ती पुरली तर निम्मे काम होते. मेंढपाळ बांधवांना त्यांचा वाडा आखलेल्या जागेपासून थोडा दूर बसवता येईल. त्यांना आमच्यापेक्षा जमीन अधिक वाचता येते, आणि घरटी दाखवण्याच्या कामात त्यांना मानधनासह सामील करून घेतले तर त्याहून चांगले राखणदार मिळणार नाहीत.

एक गोष्ट थोड्या संकोचाने लिहितो, कारण ती चांगल्या हेतूंविरुद्ध वाटेल. उघडा काठ दिसला की तिथे झाडे लावावीत असे आपल्याला वाटते, आणि जलपर्यटनाच्या आराखड्यांत सुशोभीकरण म्हणजे झाडे असेच धरले जाते. जमिनीवर घरटे करणाऱ्या पक्ष्यासाठी झाड म्हणजे कावळ्याची व घारीची टेहळणीची जागा. कोकणात पुळणीवर सुरूची बने वाढली तिथे उघडी वाळू आक्रसत गेली. आपल्याकडे तेच काम वेडी बाभूळ आणि बेशरम करीत आहेत. हिप्परग्यासारख्या तलावांच्या काठीही बेशरमचे रान माजलेले दिसेल. मुरमाचे माथे उघडे राहू द्यावेत, वेडी बाभूळ दिसेल तिथे विणीचा हंगाम सुरू होण्यापूर्वी उपटावी, आणि झाडे गावाकडच्या बाजूला, रस्त्याच्या कडेला, भरपूर लावावीत.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये शिकारीच्या व्याख्येतच वन्य पक्ष्यांच्या अंड्यांना इजा करणे आणि अंडी किंवा घरटी यांना त्रास देणे याचा समावेश आहे. कोणा ट्रॅक्टरवाल्यावर गुन्हा दाखल व्हावा म्हणून मी हे लिहीत नाही. त्याला अंडे दिसतच नव्हते. ते दाखवण्याची जबाबदारी ज्यांना दिसते त्यांच्यावर आहे, आणि त्यात आम्ही पक्षीनिरीक्षक पहिले येतो. सोलापूर, करमाळा, माढा, इंदापूर आणि भिगवणच्या परिसरात काठ ओळखणारे बरेच जण आहेत. आपण दिवस ठरवलात तर त्यांच्यासह मी काठावर चालायला येईन, चुना आणि दोरी घेऊन येईन, आणि हंगाम संपेपर्यंत दर आठवड्याला आखलेल्या जागांची नोंद लेखी देईन. पहिली फेरी येत्या महाशिवरात्रीच्या आसपास झाली तर वेळेवर होईल, कारण त्यानंतर थोड्याच दिवसांत आर्ली बसायला लागतात.

आपला,
सोलापूरचा एक पक्षीनिरीक्षक